नुसती मोजणी

खडूमास्तरांनी आयुष्यात कुठल्याही वर्गाला एक अक्षर शिकवले नव्हते. हे नाव त्यांना रस्त्याने दिले होते. नगरपालिकेच्या वाहतूक विभागात बावीस वर्षे ते बेकायदा उभ्या असलेल्या गाड्या उचलणाऱ्या पथकात होते, आणि पथकाचा ट्रक येण्याच्या दोन तास आधी जो माणूस एकटाच पायी येऊन जातो, तो माणूस म्हणजे मास्तर. गाडीच्या मागच्या टायरवर, जमिनीपासून बोटभर उंचीवर, खडूची एक उभी रेघ. तिच्याच सरळीत खाली डांबरावर दुसरी. दोन तासांनी परत यायचे आणि वाकून पाहायचे. दोन्ही रेघा अजून समोरासमोर असतील, तर गाडी हललेली नाही. हललेली नाही म्हणजे ट्रकला हात दाखवायचा. काही हुशार लोक गाडी थोडी पुढेमागे करून पुन्हा तिथेच लावत. पण चाक एकदा फिरले की टायरवरची रेघ भलतीकडे जाते, आणि ती नेमकी जुन्या जागी आणून चाक थांबवणे कुणाला साधत नाही. तणतणत भांडायला आलेल्या मालकाला मास्तर आवाज न चढवता एकच वाक्य ऐकवत, "खडू खोटं बोलत नाही." त्यापुढे ते कधी काही बोलले नाहीत, आणि बोलावेही लागले नाही.

त्यांच्या प्रत्येक पँटच्या उजव्या खिशाचे अस्तर पांढरे होते. बायको म्हणे, "तुमचे कपडे भिजवले की बादलीत चुना कालवल्यासारखं होतं. घराला रंग द्यायचा राहिलाय, तो ह्याच पाण्यानं देऊन टाकू."

पुढे गाड्या उचलण्याचे काम ठेकेदाराकडे गेले आणि मास्तरांना सर्वेक्षणाच्या खोलीत बसवले गेले. खोलीत भिंतभर शहराचा नकाशा, एक लोखंडी कपाट, ज्याचे दार कागदाची घडी घालून बंद ठेवावे लागे, आणि कोपऱ्यात लांब दांड्याचे मोजणीचे चाक. ते चाक ढकलत रस्त्यांची रुंदी मोजण्यात नऊ वर्षे गेली. निवृत्तीला सहा महिने उरले असताना विजेवर चालणाऱ्या गाड्यांसाठी सार्वजनिक चार्जिंगच्या जागा निवडण्याचे काम आले. एकशे साठ जागा तपासायच्या, त्यांतल्या चाळीस ठरवायच्या.

काम ज्यांच्याकडे होते त्या इंजिनिअर बाई मास्तरांच्या मुलीच्या वयाच्या होत्या. कामाला वाघीण. त्यांनी शंभर गुणांचा एक तक्ता तयार केला होता. ट्रान्सफॉर्मर किती जवळ, यंत्र उभारल्यावर पायी चालणाऱ्याला किती फूटपाथ उरतो, पाणी तुंबते का, उजेड आहे का, अशा गोष्टींना मिळून सत्तर गुण. उरलेले तीस मुक्कामी गाड्यांना. म्हणजे दोन तास किंवा त्याहून जास्त वेळ एका जागी थांबणाऱ्या, ज्यांना त्या वेळात चार्ज होता येईल अशा. गाडीमागे एक गुण. साठाच्या खाली गेलेली जागा बाद. प्रश्न एवढाच होता की गाडी दोन तास थांबली हे कळावे कसे. कॅमेऱ्यांच्या खरेदीची फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती. बैठकीत आजवर तोंड न उघडलेले मास्तर तेव्हा म्हणाले, "खडूनं होईल."

बाईंनी त्यांना खाली अंगणात नेऊन साहेबांच्याच गाडीवर प्रात्यक्षिक करायला लावले आणि ते पाहून त्या लहान मुलीसारख्या खूश झाल्या. आठवडाभरात पद्धतीची एक पुस्तिका छापली गेली. तिच्या पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत, मास्तरांचे वाक्य होते: खडू खोटे बोलत नाही. आतला एक नियमही त्यांनीच सुचवला होता. सर्वेक्षकाने जागेवर कुणालाही दिवस किंवा हेतू सांगू नये; सांगितले की आसपासचे दुकानदार उसन्या गाड्या आणून उभ्या करतात आणि मोजणी फुगते. एकतीस वर्षांत त्यांचे नाव कुठे छापून आले नव्हते. पुस्तिकेतही नाव नव्हतेच. पण वाक्य होते. त्यांनी ती बायकोला दाखवली. बायकोने चष्मा लावून वाचले आणि म्हणाली, "मला इतकी वर्षं फुकटात ऐकवताय, आता सरकारही ऐकणार."

त्यांची मुलगी बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्यामागच्या गल्लीत राहत होती. लोखंडी जिन्याने वर गेले की एक खोली, तिलाच ओटा, आणि भिंतीला लागून खाट. खाटेवर मुलीची सासू. दोन वर्षांपूर्वी खुब्याचे हाड मोडल्यापासून ती उठली नव्हती. शरीराचा जो भाग चालायचा थांबला, त्याचे सगळे बळ जिभेत गेले होते. जावई एका कंपनीची विजेवरची तीनचाकी मालगाडी चालवी. गाडी कंपनीची, विजेच्या दोन पेट्या, म्हणजे बॅटऱ्या, त्याही कंपनीच्या, आणि जबाबदारी तेवढी याची. पहाटेपासून बारापर्यंत एक खेप, चारनंतर दुसरी. मधल्या वेळात गाडी कारखान्याच्या भिंतीशी लावायची, पेट्या उपसून खांद्यावरून जिना चढायचा आणि घरात चार्जिंगला लावायच्या. तेवढा भार सोसणारे प्लगचे बटण खोलीत एकच होते आणि ते खाटेमागे होते. म्हणून पेट्या खाटेखाली.

"या, व्याही," मास्तर आले की विहीणबाई म्हणत. "बसा. मी अंडी उबवतेय. बघू या कधी फुटतात."

हा विनोद पहिल्यांदा झाला तेव्हा सगळे हसले होते. मग दोन महिन्यांपूर्वी शेजारच्या गल्लीत अशीच एक पेटी पेटली. शिवणकाम करणारा एक माणूस आणि त्याची बायको खोलीतून बाहेर पडू शकले नाहीत, कारण पेटी दाराजवळ होती. गल्लीतला प्रत्येक जण म्हणाला की त्याची वायर हलकी होती. तसे म्हटले की आपली वायर आपोआप चांगली ठरत होती. विहीणबाईंनी विनोद बदलला नाही. हसणे मात्र थांबले.

"बाबा," मुलीने एकदा भांडी विसळता विसळता विचारले, "तुमच्या यादीत आमचा कोपरा आहे का?"

"कसली यादी?"

"घ्या. पेपरात आलंय सगळं. गाडी खालीच चार्ज झाली तर ह्यांचा खांदा वाचेल. आणि आई..." ती थांबली. खाटेवरून आवाज आला, "आई काय? आईला ऊब मिळते. बोल की."

मास्तर उठले. यादीत कोपरा होता. सत्त्याण्णव क्रमांक. ट्रान्सफॉर्मर कारखान्याच्या भिंतीला चिकटून, फूटपाथ ऐसपैस, पाणी कधी तुंबत नाही. उजेडाचे गुण तेवढे कापले गेले होते. सत्तरपैकी सत्तेचाळीस त्यांनी स्वतः चाक फिरवून दिले होते. साठाला तेरा हवे होते, म्हणजे तीन फेऱ्यांची सरासरी तेरा गाड्या. आणि दुपारी त्या भिंतीशी तीसच्या वर गाड्या उभ्या असतात, हे त्यांना जिना चढता उतरता वर्षानुवर्षे दिसत होते. लबाडी करण्याची गरजच नव्हती. खरे तेवढे लिहिले तरी काम होणार होते. जे शोधण्यासाठी त्यांना पगार मिळतो आणि जे त्यांना स्वतःला हवे आहे, ते एकतीस वर्षांत पहिल्यांदा एकच निघाले होते. या जाणिवेने त्यांना आनंद झाला, आणि आनंद झाला म्हणून ते थोडे धास्तावलेही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना सांगितले, "मॅडम, सत्त्याण्णवला माझी मुलगी राहते. तिथं दुसऱ्या कुणाला पाठवा."

"काका, दुसरं आहे कोण?" बाई नकाशावरून मान न काढता म्हणाल्या. "आणि तुमच्यावर विश्वास ठेवायचा नाही, तर मग खोलीला कुलूप लावून घरी जाऊ या."

पहिल्या फेरीला मास्तर साडेबाराला गल्लीत पोचले. भिंतीशी चौतीस गाड्या होत्या आणि माणूस एकही नव्हता. सगळे पेट्या घेऊन वर गेले होते. त्यांनी चौतीस वेळा वाकून अडुसष्ट रेघा मारल्या. गुडघे बोलू लागले. जावयाच्या गाडीपाशी त्यांनी इतरांइतकाच वेळ घेतला, कमीही नाही आणि जास्तही नाही. नंतर मुलीच्या जिन्याखालून ते मान खाली घालून गेले. वर गेलो तर काही बोलून बसू अशी भीती होती. दोन गल्ल्या पलीकडच्या बसथांब्यावर त्यांनी दोन तास काढले.

परत आले तेव्हा भिंत मोकळी होती. दोन पंक्चर गाड्या आणि एक पुढचे चाक नसलेली, अशा तीन उरल्या होत्या. बाकी नुसते डांबर, आणि डांबरावर रेघा, ज्यांच्या जोडीच्या रेघा निघून गेल्या होत्या. मास्तरांनी तिन्ही गाड्यांच्या रेघा वाकून पाहिल्या. मग त्यांनी कागदावर तीन लिहिले आणि जिना चढले.

जावई घामाने निथळत पंख्याखाली बसला होता. मुलीने पाण्याचा तांब्या पुढे केला. तिच्या चेहऱ्यावर अभिमान होता.

"बाबा, तुम्ही गल्लीतून गेलात आणि ह्यांनी लगेच ओळखलं."

"रेघेच्या खालच्या टोकाला तुम्ही तो आडवा फराटा मारता ना," जावई म्हणाला, "तो दुसरा कुणी मारत नाही. गाडीत राहिलेली वायर आणायला परत खाली गेलो तर टायरवर तो. म्हटलं, आता दोन तास. मग दारोदार पळालो. पेट्या अर्ध्या भरलेल्या, गाडी चालणार कशी? ढकलल्या सगळ्यांनी. एकतीस गाड्या, उन्हात, पार कालव्यापर्यंत." त्याने आवाज खाली आणला. "तुमचं नाव कुठं घेतलं नाही हं. तुमची नोकरी सांभाळायला नको का?"

"मी काही सांगितलं नव्हतं," मास्तर म्हणाले.

"तेच तर. जिन्याखालून गेलात आणि वर आला नाहीत. ती खूणच होती ना? मी समजलो."

नगरपालिकेने एकदा जरी गाडी उचलली, तरी कंपनी ती काढून घेऊन रांगेतल्या पुढच्या माणसाला देई. हे मास्तरांना ठाऊक होते. त्या दुपारपर्यंत त्यांनी ते आपल्या मोजणीशी जोडून पाहिले नव्हते.

"व्याही," विहीणबाई म्हणाल्या, "ट्रक येणार असेल तर ही खाटही चढवा म्हणावं. तेवढीच हवापालट."

तेव्हा मास्तरांनी आपलाच नियम मोडला. मोजणी कशासाठी होती, ते त्यांनी तिघांना सांगितले. जावयाने आधी हसण्याचा प्रयत्न केला, मग बायकोकडे पाहिले.

"मग आधी सांगायचं नाही का, बाबा?"

"सांगायचं नसतं."

"हे कुणी ठरवलं?"

मास्तरांनी तांब्या तोंडाला लावला आणि पाणी संपेपर्यंत खाली ठेवला नाही.

हिशेब अजून हाताबाहेर गेला नव्हता. तीन फेऱ्यांत मिळून एकोणचाळीस गाड्या हव्या होत्या. छत्तीस राहिल्या होत्या आणि फेऱ्या दोन होत्या. सहा दिवसांनी मास्तर मुद्दाम लवकर गेले, चालक पेट्या उपसत होते तेव्हाच. भिंतीच्या सावलीत एक तुटका बाक होता. त्यावर गल्लीतला सगळ्यांत म्हातारा चालक बसे आणि कुणाची गाडी कुठे लागेल हे ठरवी. त्याला सगळे अध्यक्ष म्हणत. मास्तरांनी त्याच्यासमोर उभे राहून, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगितले, "गाड्या हलवू नका. ट्रक येणार नाही. नुसती मोजणी आहे."

अध्यक्षाने बाकावर हात टेकून हळूहळू उठायला वेळ घेतला.

"मास्तर, शेवटचं परत म्हणा."

"नुसती मोजणी आहे."

"बरोबर. शब्द न शब्द तोच." त्याने भोवती पाहिले. "तुमच्यातले निम्मे तेव्हा शाळेत होते. अकरा वर्षं झाली. हाच खडू, हीच भिंत. मी विचारलं, साहेब काय चाललंय? म्हणाले, काही नाही, नुसती मोजणी आहे. मी माझ्या तोंडानं सगळ्यांना सांगितलं, झोपा रे, मोजणी आहे. दोन तासांनी सव्वीस गाड्या ट्रकवर. माझी पहिली." तो मास्तरांकडे वळला. त्याच्या आवाजात राग नव्हता. एखादा जुना पत्ता सांगावा तसा तो बोलत होता. "त्यानंतर दोन वर्षं मी हमाली केली. मला तुमचा राग नाही. पण मी दुसऱ्यांदा कुणाला झोपा म्हणणार नाही."

"तेव्हा मला तसं सांगायला लावलं होतं," मास्तर म्हणाले.

"आणि आता?"

कुणीतरी मागून म्हणाले, "आता चार्जिंग देणार म्हणे. उद्या पालखी पाठवतील न्यायला." हशा पिकला. जावई पुढे झाला. "अरे, माझे सासरे आहेत. खरं सांगतायत." त्यावर त्याला ऐकावे लागले, "मग तुझी ठेव की उभी. सासऱ्याला शाबासकी मिळेल, तुला काय, खडू?"

ते वाक्य मास्तरांनी आयुष्यात किती गल्ल्यांत उच्चारले होते, याची मोजणी कुणी केली नव्हती. लोकांनी विचारले तर मोजणी आहे म्हणायचे, नाही तर गाड्या पळवतात, असे वरिष्ठांनी पहिल्या आठवड्यातच शिकवले होते. वाकण्याइतकाच तो कामाचा भाग होता. ते खोटे आहे असे त्यांना कधी वाटले नाही, कारण ते स्वतः खरोखर मोजतच होते. उचलणारे दुसरे होते, दंड घेणारे तिसरे. एक अन्याय अनेक हातांत वाटून दिला की प्रत्येकाच्या वाट्याला निव्वळ काम तेवढे येते. ज्याच्यावर तो होतो, त्याच्यासाठी मात्र तो वाटलेला नसतो. त्याच्याजवळ एकच चेहरा उरतो, आणि तो बहुधा सगळ्यांत आधी, पायी, एकटाच आलेल्या माणसाचा असतो.

त्या दुपारी पाच गाड्या थांबल्या. त्या तीन नादुरुस्त, जावयाची एक, आणि एका भिडस्त माणसाची एक. बाकीच्या ढकलत नेल्या गेल्या. चाकांचा आवाज तेवढा कालव्याकडे गेला.

तिसऱ्या फेरीला एकतीस हव्या होत्या. गल्लीच्या तोंडाशी आता एक माणूस पाळीने बसत असे, आणि मास्तर वळणावर दिसण्याआधीच भिंत मोकळी झाली होती. नादुरुस्त गाड्याही कुणीतरी ओढून नेल्या होत्या. जावयाची एकटी उभी होती, भिंतीशी नव्हे, उन्हात. अध्यक्षाच्या सावलीत तिला आता जागा नव्हती. मास्तरांनी तिच्यावर रेघ मारली, खाली दुसरी मारली, आणि या वेळी ते बसथांब्यावर गेले नाहीत. दोन तास गाडीजवळच उभे राहिले. नंतर वाकून पाहिले. रेघा समोरासमोर होत्या. एक.

तीन, पाच, एक. सरासरी तीन. सत्तेचाळीस आणि तीन, पन्नास.

मास्तरांनी तक्त्याच्या पाठीमागे, आयुष्यात प्रथमच, आकड्याऐवजी मजकूर लिहिला. गाड्या का हलल्या, खडूचा त्या लोकांना काय अर्थ लागतो, ते सगळे दीड पानात उतरवून त्यांनी तो कागद बाईंच्या टेबलावर ठेवला. बाईंनी तो दोनदा वाचला.

"काका, हे मला पटतं," त्या म्हणाल्या. "पण ही पाठीमागची बाजू मी टाकू कुठं? कॉम्प्युटरला आकडा लागतो."

"मी डोळ्यांनी चौतीस बघितल्यात."

"तुम्हीच पहिल्या बैठकीत म्हणाला होतात, डोळ्यानं बघितलेलं धरायचं नाही. बाकी एकशे एकोणसाठ जागांना आपण तेच लावलंय."

"मग पुढं?"

"पुढचा टप्पा. पाच वर्षांनी, झाला तर." त्या पेन बोटांत फिरवत राहिल्या. खिडकीतून खाली अंगणात तीच गाडी उभी दिसत होती, जिच्यावर पहिली रेघ मारली गेली होती. नंतर बाईंनी सत्त्याण्णवचा कोरा तक्ता काढून मास्तरांपुढे सरकवला आणि वर पेन ठेवले.

"पहिल्या तक्त्यावर शाई सांडली असं समजू. सरासरी तीन किंवा तेरा. काका, तुम्ही जे लिहाल, ते मी टाकीन. मी वर बघणार नाही."

मास्तरांनी विचारले, "ही जागा घेतली तर यादीतून जाईल कोण?"

"चाळिसावी. पोहण्याच्या तलावासमोरची."

ती जागाही त्यांनीच मोजली होती. रुंद फूटपाथ, झाडांची सावली, सकाळपासून हलत नसलेल्या सोळा गाड्या. त्यांतली प्रत्येक गाडी घरी परत गेली की स्वतःच्या दाराशी, स्वतःच्या भिंतीवरच्या बटणाला चार्ज होत होती. तिथे रेघ पाहून कुणी गाडी हलवली नव्हती. तिथे कुणाला खडूची भीती वाटण्याचे कारणच पडले नव्हते.

त्यांनी पेन हातात घेतले. गल्लीत, तोंडाने, ते शेकडो वेळा खोटे बोलले होते. कागदावर एकदाही नाही. एकतीस वर्षांच्या नोकरीत आपण काय जपले, असे त्यांना कुणी विचारले असते, तर हाच कागद त्यांनी पुढे केला असता. त्यांची सगळी सचोटी कागदाकडे तोंड करून उभी होती आणि माणसांकडे तिची पाठ होती, हे त्यांना त्या क्षणी दिसले. अगदी स्पष्ट, डांबरावरच्या रेघेसारखे. पण एखादी गोष्ट दिसल्याने हात बदलत नाही. हाताला एकच वळण होते. त्यांनी तीन लिहिले, खाली सही केली आणि पेन परत ठेवले.

बाईंनी तक्ता उचलला. "बरं," एवढेच म्हणाल्या.

यादी लागली त्या दिवशी मुलीने विचारले, "किती कमी पडले, बाबा?"

"दहा."

"दहाच?"

"दहाच," मास्तर म्हणाले. कोऱ्या तक्त्याबद्दल ते बोलले नाहीत. तिच्याशी नाही आणि बायकोशीही नाही. रात्री बायको म्हणाली, "तुम्ही तरी काय करणार होतात?" आणि त्यांनी कूस बदलली.

मार्चअखेर ते निवृत्त झाले. बाईंनी छोटेसे भाषण केले आणि पुस्तिकेची एक प्रत चौकटीत बसवून दिली. बायकोने ती कपाटावर ठेवली, उभी नव्हे, आडवी. तलावासमोर यंत्र उभे राहिले. मास्तर एकदा तिथून गेले. यंत्रासमोर एक गाडी उभी होती, केबल यंत्रावरच टांगलेली होती आणि यंत्र मोकळे असल्याचा हिरवा दिवा लागला होता.

आता ते रोज दुपारी मुलीच्या घरी जातात. मुलगी कामावर असते. पेट्या लागलेल्या असताना खोलीत चालता फिरता एक माणूस असावा, एवढाच त्यामागे विचार आहे. ते स्टुलावर बसतात आणि अधूनमधून पेटीच्या अंगाला तळहात लावून पाहतात. नेहमीइतकी गरम. कितीपर्यंत नेहमीची म्हणायची, हे त्यांना माहीत नाही. पुस्तिकेत होते की यंत्रापासून अंथरूण, चूल आणि बाहेर पडण्याची वाट किमान तीन मीटरवर असावी. पहिल्या दिवशी त्यांनी खिशातून खडू काढून, पेटीपासून मोजत, फरशीवर एक रेघ ओढायला घेतली होती. खोलीची लांबीच तेवढी नव्हती. रेघ खाटेखालून निघून ओट्याला अडली, आणि दुसऱ्या बाजूला दाराबाहेर पडून जिन्याच्या पहिल्या पायरीवर गेली. पायाने पुसून टाकायला गेले तर ती फरशीत जास्तच पसरली.

"व्याही," विहीणबाई वरून पाहत होत्या. "तेवढी एक रेघ माझ्या खाटेच्या पायावर मारा. आणि एक खाली. दोन तासांनी वाकून बघा, हलले का मी."

मास्तरांनी खडू खिशात ठेवला.

"मारा की. भिता कशाला? नुसती मोजणी आहे."

या वाक्यावर त्या स्वतःच हसल्या, आणि हसताना दुखले म्हणून थांबल्या. जिन्यावर पावले वाजत होती. एकेका पायरीवर दोन, मग थांबा, मग दोन. खांद्यावर दुसरी पेटी घेऊन जावई दारात आला. तो एका हाताने चौकट धरून उभा राहिला, श्वास जागेवर आणला आणि म्हणाला, "बाबा, जरा."

मास्तरांनी पाय जवळ घेतले आणि पेटीला वाट दिली.